पदराच्या टोकाचं कुंकू

नागपूरच्या गांधीबाग बाजारातल्या रुपरावांच्या साडीच्या दुकानात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी ती मोठ्याने बोलत नव्हतं. जी साडी काजलच्या खांद्यावर पडली, ती विकली गेली म्हणून समजा. गिऱ्हाईक बाई तासभर साड्यांचा ढीग उपसून "अजून दाखवा" म्हणत बसलेली असायची. रुपराव गल्ल्यावरून मान वळवून नुसतं "काजल" म्हणायचे. काजल उठून गादीवर उभी राहायची आणि अंगातल्या ड्रेसवरच दोन मिनिटांत निऱ्या, काठ, पदर सगळं जागच्या जागी बसवायची. बाई मान वाकडी करून बघायच्या आणि म्हणायच्या, हीच बांधा.

यामागचं कारण काजलला पक्कं माहीत होतं. ती चार फूट अकरा इंच होती, अंगाने भरलेली आणि रंगाने काळी. स्थळं सांगणारे सावळी म्हणायचे, पण ती काळीच होती आणि त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. दुकानात येणाऱ्या बहुतेक बायाही थोड्याफार तिच्यासारख्याच असायच्या. तिच्या अंगावर साडी बघितली की घरी गेल्यावर आपण कशा दिसू ते त्यांना कळायचं. दुकानाच्या पाटीवर मात्र दर वर्षी कुठून तरी आणलेली एक उंच गोरी मुलगी हसत उभी असायची. तिच्याकडे बघून आजवर एकाही बाईने साडी घेतलेली नाही, असं काजलचं ठाम मत होतं. आता दुकानात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या मुलीचं मत बरोबर असलं तरी ते विचारतं कोण?

काजलला मॉडेल व्हायचं होतं. हे तिने एकदाच दुकानातल्या पोरींना सांगितलं होतं, तर एकीला हसता हसता चहाचा ठसका लागला. त्यानंतर तिने ते फक्त आईला सांगितलं. आई म्हणजे वच्छलाबाई. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की त्यात बसायला मिळते की दिवसभर उभंच राहावं लागते.

तांडापेठेतलं त्यांचं घर विणकराचं. वडील नानाजी यांनी उमेदीची सगळी वर्षं मागावर काढली. माग केव्हाच मोडून गेला. पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा तेवढा राहिला, त्यावर फळ्या टाकून आता फ्रीज ठेवला होता. नानाजी शहराबाहेर बेसा भागातल्या एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन होते. वच्छलाबाई रुपरावांच्या दुकानच्या साड्यांना घरी फॉल लावायच्या. वीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या साडीला एक टाका जास्तीचा घातला नव्हता, हा त्यांचा अभिमान होता आणि तो त्या दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायच्या.

काजलने प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहिल्यांदा ती एका हॉटेलात फॅशन शोच्या निवडीला गेली. दाराशी भिंतीवर उंची मोजायची पट्टी चिकटवलेली होती आणि पाच फूट चारवर लाल रेघ होती. तिथल्या मुलीने तिला पट्टीपाशी उभंसुद्धा केलं नाही. पाण्याची बाटली हातात दिली आणि पालकांची बसायची सोय तिकडे आहे, असं अगदी नम्रपणे सांगितलं. काजल तेव्हा चोवीस वर्षांची होती. ती जाऊन पालकांत बसली आणि ती बाटली संपेपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्यांदा मेकअप शिकवणाऱ्या एका बाईंनी तिला आपल्या शिबिरात खुर्चीवर बसवलं. फरक कळावा म्हणून त्यांनी तिचा अर्धाच चेहरा रंगवला. उजवा गाल गोरापान, डावा होता तसा. शिकाऊ मुलींनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि जेवायला निघून गेल्या. उरलेला अर्धा करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ई-रिक्षात ती ओढणीने एक गाल झाकून बसली, आणि कोणता झाकावा हे घर येईपर्यंत तिचं ठरलं नाही.

तिसरा प्रकार तर सांगायलाही लाज वाटावी असा. वजन कमी करायच्या कसल्याशा चूर्णाच्या जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन बाया दाखवायच्या होत्या. 'आधी'साठी येशील का, असं त्यांनी विचारलं. काजल हो म्हणाली. इतकी ती टेकीस आली होती. पण 'आधी'साठीसुद्धा त्यांना शेवटी नाकीडोळी नीटस बाई हवी होती, आणि त्यांनी दुसरीलाच घेतलं.

तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात तिच्या फोनवर आली. साध्या माणसांचे चेहरे हवेत, उंची-वजन-रंग काहीही चालेल, असं त्यात लिहिलं होतं. काजलने ते आठ वेळा वाचलं, एकदा आईलाही वाचून दाखवलं. अटी दोनच होत्या. वय अठ्ठावीसच्या आत हवं. आणि खऱ्याखुऱ्या छापील जाहिरातीतला, चेहरा स्पष्ट दिसणारा एक फोटो हवा, निदान एक. अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या एकतीस तारखेपर्यंत होती आणि तीन नोव्हेंबरला काजलला अठ्ठावीस पूर्ण होत होती. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नव्हती. एका छापील कागदावर आपलं तोंड, एवढंच तिला पाहिजे होतं. अख्ख्या नागपुरात रोज इतके कागद छापून रस्त्यावर पडतात, त्यांतला एक.

दिवाळीच्या पत्रकासाठी रायपूरहून येणारी मॉडेल आदल्या दिवशी तापाने पडली तेव्हा काजलला तिची काळजी वाटायला हवी होती. ती वाटली नाही. रुपरावांचा मुलगा जितेंद्र डोक्याला हात लावून बसला होता. फोटोग्राफर ठरलेला, छापखान्याची तारीख ठरलेली, आणि उभं राहायला माणूस नाही. काजल हातातली घडी खाली ठेवून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, मी राहते उभी. तिले नेसवाले तर मीच होती ना, मंग नेसूनच घेते."

रुपराव मनापासून हसले. जितेंद्र हसला नाही. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, फोनवर काहीतरी चाळलं, आणि बरं म्हणाला. तो इतक्या लवकर कसा कबूल झाला हा प्रश्न काजलला पडायला हवा होता. पण तहानलेला माणूस पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारत नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

साडी मोतिया रंगाची होती, करवती काठाची. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते ती. फॉल लावायला ती संध्याकाळी वच्छलाबाईंकडेच आली. नानाजींनी कामावर जाण्याआधी काठ अंगठ्याने चाचपला आणि विणणारा उमरेडचा असावा असं सांगितलं. काजल केस धुऊन लवकर झोपली. ती इतकी आनंदात होती की तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

सकाळी दुकानाच्या माडीवर पांढरा पडदा लावून झाला होता. अभिजीत नावाचा फोटोग्राफर दिवे जुळवत होता. काजलने साडीची घडी मोडली आणि पदर झटकला. पदराच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं, पण मोतिया रेशमावर ते लालभडक उठून दिसत होतं.

तिने जिन्यात जाऊन आईला फोन लावला. वच्छलाबाईंना आपलं काय चुकलं ते कळेचना. नवं लुगडं नेसायच्या आधी त्याच्या टोकाला कुंकू लावायचं, हे काय कोणी सांगावं लागतं? दुसऱ्याच्या साडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पण जी साडी काजल नेसणार, ती त्यांच्या लेखी दुसऱ्याची नव्हतीच.

"वं बाई, आपल्याच पोरीनं नेसाचं होतं म्हणून लावलं," त्या म्हणाल्या. "तुह्यं भलं व्हावं म्हणून लावलं."

"आपलं कुठं हाये ते? दुकानाचं हाये," काजल म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तुह्यामुळंच माह्यं आजवर काही झालं नाही, अन् आजही होणार नाही."

हे खरं नव्हतं. वच्छलाबाईंमुळे तिचं काहीच अडलं नव्हतं. पण पट्टीपाशी उभं न करणाऱ्या पोरीला, अर्धा चेहरा सोडून जेवायला गेलेल्या बाईला आणि चूर्णवाल्याला तिला जे बोलायचं होतं, ते सगळं आईच्या वाट्याला आलं. वच्छलाबाईंनी पलीकडून फोन ठेवला.

ती वर आली आणि कुंकू दाखवून खाली मान घालून उभी राहिली. जितेंद्रने टोक हातात घेऊन पाहिलं. चिडला, पण थोडाच. आता दुसरी साडी फॉल लावून यायला वेळ नव्हता. जे नको ते कॉम्प्युटरवर मिटवता येते, तू नेस, असं तो म्हणाला. काजलला त्याचे पाय धरावेसे वाटले.

तिला एका पाटावर उभं केलं आणि पाट झाकला जाईल अशा निऱ्या सोडल्या. पदर डाव्या हातावर पसरला. अभिजीतने पहिली दहा मिनिटं नुसते दिवेच हलवले. मग मात्र हनुवटी थोडी खाली, नजर इकडे, असं सांगत राहिला. काजलला काही शिकवावं लागत नव्हतं. सहा वर्षं ती रोज बायांपुढे उभी राहत आली होती. कुठे वळलं की काठ उघडतो आणि कुठे थांबलं की पदर बोलतो, ते तिच्या हाडात होतं. त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला एक फोटो दाखवला. ती बघतच राहिली. काळी, बुटकी, भरलेली, आणि सुंदर. आयुष्यात पहिल्यांदा काजल स्वतःला आवडली.

"पुरं तोंड येते ना याच्यात?" तिने विचारलं.

अभिजीत येते म्हणाला आणि कॅमेऱ्याचं झाकण शोधू लागला. झाकण त्याच्याच हातात होतं.

त्या दिवसापासून मायलेकींत कामापुरतंच बोलणं उरलं. काजलला माफी मागायची होती. पत्रक आलं की तेच आईच्या हातात ठेवू, म्हणजे बोलावं लागणार नाही, असं तिने ठरवलं होतं.

एकोणतीस तारखेला सकाळी नानाजी कामावरून आले ते सोसायटीच्या पेपरातलं पत्रक चार घड्या करून खिशात घेऊन. त्यांनी ते काजलला दिलं नाही, वच्छलाबाईंना दिलं, आणि पाय धुवायला मोरीत गेले. ते बराच वेळ पाय धूत होते.

वच्छलाबाईंनी पत्रक फ्रीजवर उलगडलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, चष्मा कुठे ठेवलेला कोण जाणे. त्या बोटाने चाचपत खालपर्यंत गेल्या.

"हे पाह्य, हे पाह्य," त्या म्हणाल्या, आणि किती दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "हे माह्यंच बोट हाये. काजलच हाये वं ही."

काजलने पाहिलं. पदराच्या टोकाला लाल ठिपका होता. पदर तिने पसरला होता तसाच होता, मनगटाचा बाकही तोच. बाकी सगळं दुसरीचं होतं. रंग दुधासारखा, मान लांब, कंबर मुठीत मावेल एवढी. पाटाची उंची पायांत घालून तिला साडेपाच फुटांची केली होती. आणि चेहरा कुणाचाच नव्हता. कॉम्प्युटरने बनवलेला, रायपूरचाही नाही, मुंबईचाही नाही, कुठल्याच आईच्या पोटचा नाही. कोपरावरचा लहानपणचा भाजल्याचा डागसुद्धा शोधून मिटवला होता. मिटवायचं ठरलेलं कुंकू तेवढं राहून गेलं होतं.

"चांगली आली ना?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"हो," काजल म्हणाली.

दुकानात जितेंद्रला तिच्या रडण्याचं खरोखरच नवल वाटलं. साडी तुझ्यामुळेच इतकी नीट बसली, असं त्याने कौतुकानेच सांगितलं. आजकाल सगळे असंच करतात, नाव कुठे कोणाचं टाकलंय, मग वाईट काय वाटायचं? तिने मूळ फोटो मागितला तर त्याने तिथल्या तिथे तिच्या फोनवर पाठवूनसुद्धा दिला. असा उदार माणूस. आता काजलकडे दोन गोष्टी होत्या. एका फोटोत ती होती, पण तो कुठे छापलेला नव्हता. दुसरा घराघरांत गेला होता, पण त्यात ती नव्हती.

तिने विनवण्या केल्या. माझ्या तोंडाची थोडीशीच पत्रकं छापा, म्हणाली. रुपराव म्हणाले, एकाच साडीत दोन बाया पाहून लोक काय म्हणतील? एखाद्या छापखान्यातून गुपचूप एक कागद काढून आणावा असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण त्यांनी खोटं तोंड छापलं म्हणून आपण खोटं पत्रक करायचं, हे तिच्याने होईना. अभिजीतला तिने चार वेळा फोन लावला. त्याने उचलला नाही.

एकतीस तारखेला दुपारी सावनेरहून सिंधूताई आल्या. अंगणवाडीत काम करणाऱ्या, पन्नाशीच्या, हातात पिशवी आणि पिशवीत ते पत्रक. मुलाच्या साखरपुड्याला हीच साडी पाहिजे, म्हणाल्या. त्या काठाची एवढी एकच साडी दुकानात उरली होती. काजलने ती उलगडली आणि सिंधूताईंचा हात नेमका पदराच्या टोकावर गेला.

"हा डाग कायचा वं?"

जितेंद्रने गल्ल्यावरून, दुसरी मागवून देतो, असं म्हटलं. काजल गप्प बसू शकली असती. सहा वर्षं ती गप्पच बसली होती.

"डाग नाही ताई, कुंकू हाये. माह्या आईनं लावलं. त्या फोटोत मी हावो."

सिंधूताईंनी पत्रकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि असेल बाई, असं म्हणाल्या. वेड्या माणसाशी बोलावं तसं, अगदी मायेने. ती माया काजलला सोसली नाही. तिने ती साडी उचलली, गादीवर चढली आणि ड्रेसवर नेसायला लागली. जितेंद्रने हाक मारली, दुसऱ्यांदा जोरात मारली. तिने निऱ्या खोचल्या, पदर डाव्या हातावर पसरला, मनगट त्या बाकात वळवलं, हनुवटी थोडी खाली घेतली आणि उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही, कारण हात हलला असता.

दुकानातल्या बाया गादीजवळ आल्या. सिंधूताईंनी चष्मा लावला. पत्रक दूर धरून त्यांनी मनगट पाहिलं, पदराची घडी पाहिली, ठिपका पाहिला. मग पत्रक हळूच खाली घेतलं.

"तूच हायेस," त्या म्हणाल्या. मग गल्ल्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मंग पोरीचं तोंड काहून बदललं गा?"

जितेंद्र फोनवर काहीतरी चाळू लागला. रुपराव पावतीपुस्तक चाळू लागले. काजलने सिंधूताईंना विनंती केली की माझा असाच एक फोटो काढून द्या, ते पत्रक शेजारी धरून. सिंधूताईंनी काढला. पहिला पुसट आला म्हणून दोनदा काढला. साडी मात्र त्यांनी घेतली नाही. साखरपुड्याला डागाची नको, म्हणाल्या. दुसरी निळी घेऊन गेल्या.

काजलने साडीच्या जुन्या घडीवर घडी बसवली. मग जिन्यात बसून तिने पुण्याला अर्ज पाठवला. पत्रक पाठवलं, पत्रक शेजारी धरलेला फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं की छापलेली बाई मीच आहे, पदराच्या टोकाचं कुंकू पाहावं.

दुकान बंद व्हायच्या आधीच उत्तर आलं. भाषा गोड होती. तुमची धडपड आवडली, परंतु छापील जाहिरातीत आपला चेहरा दिसत नसल्यामुळे अट पूर्ण होत नाही. वयाच्या मर्यादेमुळे यापुढे अर्ज करू नये. शुभेच्छा.

ती पायी घरी आली. दारात वच्छलाबाई सुईत दोरा ओवायला धडपडत होत्या. त्यांच्या मागे भिंतीवर ते पत्रक लावलेलं होतं, शेजारणींना दिसेल असं. काजलने सुई घेतली, दोरा ओवला आणि परत हातात दिली.

"काय म्हणलं पुण्यावाल्याईनं?" वच्छलाबाईंनी जरा घाबरतच विचारलं. "कुंकवाचं काही बोलले काय?"

काजल त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसली. तिने आईच्या मांडीवरची दुसऱ्या कोणाची तरी साडी सरळ केली.

"त्याईले कुंकूच आवडलं म्हणे," ती म्हणाली.

"म्या लावलं होतं," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि फॉलला टाका घालू लागल्या.